भग्न भिंतींचा वारसा : वसई किल्ल्यातील चर्चेस आणि आपण

२० फेब्रुवारी २०२४ रोजी वसई ते भाईंदर ही रो-रो फेरीसेवा सुरू झाली. रस्त्याने जो मोठा वळसा घालावा लागतो, तो या बोटीमुळे वाचला. फेरीचा वसईकडील धक्का किल्ल्याच्या तटाला अगदी लागून आहे. त्यामुळे बोटीतून उतरणाऱ्या प्रवाशाचे पहिले स्वागत करतात त्या किल्ल्याच्या काळवंडलेल्या भिंती आणि ताडांच्या शेंड्यांतून वर डोकावणारा संत जोसेफ चर्चचा मनोरा. पुढच्याच वर्षी, ११ जुलै २०२५ रोजी, युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा वारसा म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातील आणि एक, जिंजी, तामिळनाडूतील. महाराष्ट्रातील प्रत्येकाला अभिमान वाटावा अशीच ही घटना आहे. वसईचा किल्ला त्या बारांमध्ये नाही.

या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. परंतु दोहोंमुळे एक जुना प्रश्न आपल्या दारी पुन्हा आला आहे. किल्ला कोणाचा? पोर्तुगीजांचा की मराठ्यांचा? आणि त्यात छप्पर हरवून उभी असलेली चर्चेस कोणाची? हा प्रश्न वादाच्या सुरात विचारला जातो, तेव्हा आपल्यापैकी काहीजण दुखावतात, काहीजण अपराधी चेहऱ्याने गप्प बसतात, तर बहुसंख्य लोक ‘आपला काय संबंध?’ असे म्हणून बाजूला होतात. या तिन्ही प्रतिक्रिया आम्हांला अपुऱ्या वाटतात. त्या का, हे मांडण्याचा येथे प्रयत्न करीत आहोत.

मे महिन्याची सुट्टी

आरंभी एक आठवण सांगण्याची परवानगी वाचकांनी द्यावी. आमच्या बालपणी मे महिन्याची सुट्टी म्हणजे किल्ल्यालगतच्या कोळीवाड्यात मावशीच्या घरी मुक्काम, हे ठरलेले असे. वसई रोड स्थानकावरून लाल बसने यायचे आणि खाडीचा खारा वास आला की उतरण्याची घाई करायची. वाड्यात वलांड्यांवर बोंबील वाळत असत. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या नाळेवर क्रूस रंगवलेला असे. दुपारी मोठी माणसे आडवी झाली की आम्ही मुले किल्ल्यात पळत असू. ताडगोळे खाणे, चिंचा पाडणे, छप्पर नसलेल्या चर्चमध्ये लपंडाव खेळणे आणि शेवटी संत जोसेफ चर्चच्या मनोऱ्यातील अंधाऱ्या चक्राकार जिन्याने वर चढणे, हा रोजचा कार्यक्रम होता. वर पोहोचले की एकीकडे समुद्र, एकीकडे खाडी आणि खाडीपलीकडे उत्तन-डोंगरीचा किनारा दिसे. संध्याकाळी मात्र दिवेलागणीपूर्वी घरी परतावेच लागे. मे हा मारिया मातेचा महिना असल्याने गल्लीतल्या क्रूसापाशी रोझरी असे आणि तिला गैरहजर राहण्याची मुभा कोणालाच नव्हती.

मावशी मासळीची पाटी घेऊन किल्ल्यातून जात असे. प्रत्येक भग्न चर्चसमोर ती क्षणभर थांबून क्रूसाची खूण करी. आत वेदी नाही, मूर्ती नाही, दिवा नाही, मग खूण कोणासाठी, असे आम्ही तिला एकदा विचारले. ती म्हणाली, “छप्पर गेलं म्हणून देव थोडाच गेला?” त्या उत्तराचा अर्थ कळायला आम्हांला सेमिनरीतली सारी वर्षे आणि त्यापुढचीही बरीच वर्षे लागली.

त्याच मनोऱ्याच्या जिन्यात, एका सुट्टीत, आम्ही खिळ्याने भिंतीच्या चुन्यावर स्वतःचे नाव कोरले होते. ही कबुली येथेच देऊन ठेवतो. तिची गरज पुढे पडणार आहे.

भिंती काय सांगतात

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर २०५ वर्षे ती त्यांच्या ताब्यात होती. तटाच्या आत एक संपूर्ण शहर उभे राहिले. फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन संघांची चर्चेस व मठ तेथे होते. संत जोसेफ हे शहराचे मुख्य चर्च. गोव्याचे आर्चबिशप आलेक्स दे मेनेझिस यांच्या काळात, १६०१ मध्ये, त्याची पुनर्बांधणी झाली. संत फ्रान्सिस झेवियर वसईला येऊन गेले. येशूसंघीयांच्या येथील शाळेत वसईच्याच मातेच्या पोटी जन्मलेला गोन्सालो गार्सिया शिकला. पुढे तो जपानला गेला, व्यापारी झाला, मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर हुतात्मा झाला. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्याला संत म्हणून घोषित केले. भारतात जन्मलेला ख्रिस्तसभेचा हा पहिला संत. त्याच्या सणानिमित्त किल्ल्यातील भग्न चर्चमध्ये दरवर्षी मिस्सा अर्पण होते, हे आपण जाणताच.

हा झाला अभिमानाचा भाग. भिंती दुसरेही काही सांगतात आणि तेही ऐकण्याचे धैर्य आपल्यापाशी हवे. पोर्तुगीज अमलात या प्रदेशातील देवळे पाडली गेली. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या प्राचीन लेण्यात चर्च थाटले गेले. गोव्यात १५६० साली सुरू झालेल्या धर्मन्यायपीठाची छाया वसईवरही पडली होती. ज्या राज्यसत्तेने ही सुंदर चर्चेस उभारली, तिनेच शेजाऱ्याच्या श्रद्धेवर घाव घातले. सन २००० च्या ज्युबिली वर्षात, १२ मार्च रोजी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी शतकानुशतके केलेल्या अपराधांबद्दल संत पेत्राच्या मंदिरात देवाकडे क्षमा मागितली. सत्यावर जबरदस्तीची सावली पडू दिली, याचीही कबुली त्या दिवशी देण्यात आली. साऱ्या जगातील कॅथलिकांच्या वतीने जे रोममध्ये उच्चारले गेले, ते वसईत उच्चारताना आपण अडखळण्याचे कारण नाही.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ल्याला निकराचा वेढा घातला. सुरुंगांनी बुरूज उडाले, दोन्ही बाजूंची अनेक माणसे पडली. १६ मे रोजी शरणागतीचा तह झाला आणि आठवडाभरात पोर्तुगीज वसई सोडून गेले. शरण आलेल्यांना सुखरूप जाऊ द्यावे आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळता यावा, अशी तरतूद त्या वेळी झाली होती. शत्रूला दिलेल्या या वागणुकीची नोंद आपणही आदराने ठेवली पाहिजे. आज किल्ल्यात चिमाजी अप्पांचे स्मारक आहे, नागेश्वराचे मंदिर आहे आणि चर्चच्या भिंतीही आहेत. ज्याला इतिहास एकाच रंगाचा हवा असेल, त्याची येथे निराशा होईल.

चर्चमधील घंटांची कथा तर सर्वांत बोलकी आहे. विजयानंतर त्या काढून महाराष्ट्रातील देवळांना अर्पण करण्यात आल्या. भीमाशंकर, नाशिकचे नारोशंकर मंदिर, वाईजवळचे मेणवली येथील मोठ्या घंटा वसईच्या मोहिमेतून आल्याचे सांगितले जाते. आमच्या परिचयातील काही जणांना हे ऐकून खंत वाटते. आम्हांला मात्र असे वाटते, की तोफ ओतण्यासाठी वितळवलेल्या घंटेपेक्षा शेजाऱ्याच्या प्रार्थनेसाठी वाजत राहिलेली घंटा कितीतरी भाग्याची.

मागे कोण राहिले?

या सर्व इतिहासात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही आणि आमच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. १७३९ मध्ये पोर्तुगीज अधिकारी गेले, सैनिक गेले, युरोपीय धर्मसंघीय गेले. शेतकरी, बागायतदार, कोळी गेले नाहीत. त्यांना जाण्यासाठी दुसरा देश नव्हता. ही माती हाच त्यांचा देश होता. गोव्याहून आलेल्या आणि स्थानिक धर्मगुरूंनी त्यांची श्रद्धा जोपासली. किल्ल्यातील चर्चेस ओस पडली तरी वाड्यावाड्यांतील प्रार्थना थांबली नाही. राजाश्रय संपल्यावर जी श्रद्धा टिकते, ती लादलेली उरत नाही. लोकांनी ती आपलीशी केलेली असते. २२ मे १९९८ रोजी मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा होऊन वसई धर्मप्रांत स्थापन झाला. त्याचे कॅथेड्रल किल्ल्यात नाही, ते पापडी येथे वस्तीच्या मध्यभागी आहे. संत पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात श्रद्धावंतांना जिवंत दगड म्हटले आहे. त्याचा अर्थ समजून घेण्यासाठी वसईकराला दूर जावे लागत नाही.

म्हणून ‘या भिंती परक्यांच्या, आपला काय संबंध?’ हे म्हणणे आम्हांला पटत नाही. आराखडा परक्यांचा असेल, परंतु दगड फोडणारे आणि वाहणारे हात येथलेच होते. आपली आडनावे त्या काळाची खूण बाळगून आहेत. चावी, पाव, बटाटा, पगार, साबण हे शब्द तर साऱ्या महाराष्ट्राच्या जिभेवर बसले आहेत. त्याचप्रमाणे ‘ही चर्चेस आमची, ती परत करा, छप्पर घालून पुन्हा सुरू करा’ असे म्हणणाऱ्यांशीही आम्ही सहमत होऊ शकत नाही. उपासनेसाठी आपल्याला चर्चेस उणी नाहीत. शिवाय नवे छप्पर घालून, रंगरंगोटी करून आपण त्या भिंतींची साक्षच पुसून टाकू. भग्न वास्तू भग्न स्थितीत जपणे हीदेखील एक सेवा आहे.

कायदा आणि वास्तव

हा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या अखत्यारीतील राष्ट्रीय महत्त्वाचे संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरचा पट्टा नियंत्रित आहे. स्मारकाचे नुकसान करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ज्या स्मारकात संरक्षण मिळाले तेव्हा उपासना चालू नव्हती, तेथे ती नव्याने सुरू करू द्यायची नाही, असे खात्याचे सर्वसाधारण धोरण आहे. हे धोरण देशातील सर्वच धर्मांच्या भग्न वास्तूंना लागू आहे आणि ते तसे समान राहण्यातच सर्वांचे हित आहे. एका ठिकाणी अपवाद मागणारा दुसऱ्या ठिकाणच्या अपवादाला नकार कोणत्या तोंडाने देणार?

कायद्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तटाला लागून पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या कोळी कुटुंबांना घराची दुरुस्ती करायची झाली तरी परवानगीसाठी हेलपाटे घालावे लागतात. ज्याला घराचे गळके छप्पर बदलता येत नाही, त्याला शेजारच्या चर्चच्या हरवलेल्या छपराविषयी प्रेम वाटावे, अशी अपेक्षा करणे अवघड आहे. स्मारक आणि वस्ती यांच्यात असे वैर निर्माण झाले, तर हरणार दोघेही. त्या कुटुंबांचे अर्ज नीट भरून देणे, त्यांची कागदपत्रे जुळवणे, त्यांच्या वतीने संबंधित कार्यालयाशी सौजन्याने बोलणे, हे काम धर्मग्रामांतील शिकल्यासवरलेल्या मंडळींनी हाती घेतले, तर वारशाचे ते सर्वोत्तम संरक्षण ठरेल.

आणि किल्ल्याचे आजचे चित्र? सुट्टीच्या दिवशी तेथे जाऊन पाहावे. विवाहपूर्व छायाचित्रांसाठी आलेली जोडपी वेदीच्या जागी उभी असतात. कोपऱ्यांत रिकाम्या बाटल्या आणि प्लास्टिक असते. भिंतींवर बदामाच्या आकृत्या आणि नावे कोरलेली असतात. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज लेख कोरलेल्या अनेक कबरींच्या शिळा आहेत. येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय आणि प्रत्येक पावसाळा यांनी ती अक्षरे हळूहळू झिजत आहेत. हे करणारे सर्व बाहेरचे आहेत, असे म्हणून आम्ही सुटका करून घेऊ शकत नाही. आमचेही नाव त्या मनोऱ्यात आहे. आम्ही ते वैरभावाने कोरले नव्हते. आम्हांला कोणी सांगितलेच नव्हते, की ही भिंत म्हणजे एक पान आहे आणि त्यावर आधीच काहीतरी लिहिलेले आहे.

गोव्याचा धडा

जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीनचा मनोरा अनेकांनी पाहिला असेल. १८३५ मध्ये धर्मसंघांवर बंदी आल्यानंतर तो मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भागाचा मोठा हिस्सा ढासळला. आज मनोऱ्याचा एक भाग तेवढा उभा आहे. ती जागा गोव्याच्या चर्चेससह १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये पर्शियाच्या शहाने श्रद्धेपायी ठार मारले. तिचे काही अवशेष ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी गोव्यास आणून त्या मठातील एका खिडकीपाशी दगडी पेटीत ठेवले, अशी नोंद जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत होती. पुरातत्त्व खात्याने ढिगारे उपसून चिकाटीने शोध घेतला. तेथे सापडलेल्या अस्थींची जनुकीय तपासणी होऊन २०१३ मध्ये त्या राणीच्याच असाव्यात, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. जुलै २०२१ मध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यांतील काही अवशेष जॉर्जियाच्या स्वाधीन केले, तेव्हा त्या देशाने ते आपल्या संत राणीच्या सन्मानाने स्वीकारले.

एका पडक्या भिंतीच्या ढिगाऱ्यात एका राष्ट्राचा ठेवा सुमारे चारशे वर्षे जपला गेला होता. कोणी तो ढिगारा हलवून तेथे बाग केली असती, फरसबंदी केली असती, तर तो कायमचा गेला असता. वसईच्या शिळांखाली आणि लेखांत काय आहे, याचा संपूर्ण अभ्यास कोठे झाला आहे? डॉ. जेर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसईच्या पुरातन वास्तूंवरील आपला इंग्रजी ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध केला. त्यांनी पाहिलेले सर्वच आज पाहता येईल असे नाही. हे पडके दगड पुढच्या पिढीच्या हाती वाचण्याजोगे पोहोचतात की नाही, हे आपण ठरवणार आहोत.

आपण काय करू शकतो?

मोठ्या योजना सरकारने कराव्यात. आपल्या आवाक्यातील तीन गोष्टी आम्ही सुचवू इच्छितो.

पहिली गोष्ट धर्मशिक्षणाची. प्रत्येक धर्मग्रामाने वर्षातून एकदा धर्मशिक्षण वर्गातील मुलांना जाणकार व्यक्तीसोबत किल्ल्यात न्यावे. त्यांना संत गोन्सालो गार्सियाची शाळा कोठे होती ते सांगावे, मंडपेश्वराविषयीही सांगावे आणि चिमाजी अप्पांच्या स्मारकासमोरही आदराने उभे करावे. ज्या मुलाने कबरीवरील अक्षरांवरून एकदा बोट फिरवले, ते मूल त्यावर खिळा चालवणार नाही.

दुसरी गोष्ट वृद्धांच्या आठवणींची. किल्ल्यालगतच्या वाड्यांतील ऐंशी-नव्वद वर्षांच्या माणसांना आजही कितीतरी ठाऊक आहे. कोणत्या विहिरीचे पाणी गोड होते, कोणत्या चर्चमध्ये कोणता सण होई, पावसाळ्यात कोणती भिंत कधी पडली, हे त्यांना विचारावे. युवक मंडळांच्या सदस्यांच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे साधन सदैव असते. त्याचा इतका चांगला उपयोग दुसरा नाही. आमच्या मावशीला आम्ही फार थोडे विचारले. आता विचारायचे म्हटले तरी ती नाही.

तिसरी गोष्ट शेजारधर्माची. सणाच्या मिस्सेनंतर जागा आधीपेक्षा स्वच्छ करून परतणे, पुरातत्त्व खात्याच्या कर्मचाऱ्यांना तक्रारीखेरीज मदतीसाठीही भेटणे आणि किल्ल्यावर प्रेम करणाऱ्या सर्व धर्मांच्या इतिहासप्रेमी मंडळींशी हातमिळवणी करणे. गडकिल्ल्यांची साफसफाई करणारे तरुण मावळ्यांच्या आठवणीने येत असतील, आपण गोन्सालोच्या आठवणीने जाऊ. झाडू मात्र एकाच अंगणात फिरेल.

किल्ला कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर अशा वेळी आपोआप मिळते. जो त्याची राखण करतो, त्याचा. मालकीहक्काने वारसा वाचल्याचे उदाहरण विरळा, काळजीने वाचल्याची उदाहरणे मात्र पुष्कळ आहेत.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा एकदा किल्ल्यात गेलो. मे महिन्याचीच दुपार होती. ताडगोळे विकणारी बाई तटाच्या सावलीत बसली होती. मनोऱ्यातील आपले नाव शोधावे, असे मनात आले होते. मग वाटले, ते सापडले तर लाज वाटेल आणि न सापडले तर बरे वाटेल, तेव्हा न शोधलेलेच चांगले. खाली दाराशी उभे राहून मावशी करीत असे तशी क्रूसाची खूण केली. शेजारी उभ्या असलेल्या एका लहान मुलाने आमच्याकडे आश्चर्याने पाहिले आणि वडिलांना विचारले, “इथे कोण आहे?” वडील काही बोलले नाहीत. त्या मुलाला उत्तर देता येईल, अशी माणसे आपल्या धर्मग्रामांतून तयार व्हावीत, एवढीच आमची प्रार्थना आहे.